मुठींवर वाढलेली

त्या वर्षी बांबूला फुलोरा आला. बांबू फुलला की आमच्या मिझो डोंगरांतली म्हातारी माणसं आधी फुलांकडे बघतात आणि मग घरातल्या तांदळाच्या कणगीकडे. फुलांमागून बी येते. बी खाऊन उंदीर माजतात आणि बी संपली की तेच उंदीर झूमच्या, म्हणजे रान जाळून केलेल्या उतारावरच्या शेतांत उतरतात. संध्याकाळी कापणीला आलेलं भात सकाळी नुसत्या काड्यांचं झालेलं असतं. पन्नासेक वर्षांनी येणारी ही पाळी मी लहानपणी एकदा भोगली होती. दुसऱ्यांदा बघायला देवानं मला कशाला शिल्लक ठेवलं, हे त्यालाच ठाऊक.

आमच्याकडे रीत अशी, की चूल पेटवली आणि तांदूळ मापले की धुण्याआधी त्यातली एक मूठ काढायची आणि चुलीजवळच्या डब्यात टाकायची. ती देवाची मूठ. आज शिजवायला काहीतरी आहे, याचे आभार. शनिवारी आम्ही चर्चच्या बायका टोपलीचा पट्टा कपाळाला लावून घरोघर फिरतो आणि ते डबे रिकामे करून आणतो. त्या तांदळाच्या पैशावर आमचं चर्च उभं राहिलं, शाळा उभी राहिली. वरच्या आळीपासून झऱ्यापर्यंतची घरं माझ्याकडे होती. गुडघे कुरकुरतात, पण कुणाच्या घरात काय शिजतं हे बघायची खोड गुडघ्यांपेक्षा जुनी आहे.

उंदीर उतरले तसे डबे हलके होत गेले. कुणाची मूठ चिमटीवर आली, कुणी डबा पुढे करताना दुसरीकडेच बघू लागलं. माझीही मूठ आवळलेलीच होती. सगळ्या आळीत एकच डबा दर शनिवारी जड होत होता. दारकिमीचा.

"उंदरांनी हिचं शेत खाल्लं, पण श्रद्धा नाही खाल्ली," बायका म्हणायच्या.

मला ते पहिल्यापासून खटकलं. सगळ्या गावाच्या टाक्या आटलेल्या असताना एकीच्याच टाकीत पाणी चढत असेल, तर झाकण उघडून आत बघावं, एवढी अक्कल मला आहे.

ही दारकिमी कोण, ते सांगते. मागच्या फुलोऱ्याच्या दुष्काळात तिची आई तिला जन्म देऊन आठवडाभरात गेली. बाप त्याआधीच तांदूळ शोधायला म्हणून बर्माच्या बाजूला उतरला होता, तो आलाच नाही. तान्हं मूल राहिलं. माणसं रानातले कंद उकडून खात होती, तिथं दूध कुठलं? तेव्हा बायकांनी ठरवलं की देवाच्या डब्यातली मूठ आधी या पोरीला. त्या मुठींची पेज करून तिला पाजली. बहुतेकदा माझ्याच आईनं. पेज गाळायला फडकं धरून मी उभी असायची आणि माझ्या पोटात कावळे कोकलत असायचे.

पोर जगली. त्या वर्षी जन्मलेलं आमच्या गावात जगलेलं ते एकच मूल. मग ती सगळ्या गावाची झाली, आणि सगळ्या गावाच्या पोराला घरचं असं कुणी नसतं. "मुठींवर वाढलेली" असंच तिचं नाव पडलं. कंदाची भाजी नको म्हणाली की, "मुठींवर वाढलीस आणि नाक मुरडतेस?" झऱ्यावरून उशिरा आली की, "याचसाठी का गं आम्ही उपाशी राहिलो?" कुणाच्या मनात वाईट नव्हतं, चेष्टाच होती. पण रोजची चेष्टा हाडांत उतरते.

मोठी झाली तशी ती गावात सगळ्यांत जास्त आभार मानणारी बाई झाली. "का लॉम ए," आम्ही म्हणतो. मी आभारी आहे, आणि मी आनंदात आहे, दोन्हीला आमच्या बोलीत हेच शब्द. कुणी वाट दिली तरी का लॉम ए, कुणी रागावलं तरी का लॉम ए. कुणाकडे मयत झालं की चहाची किटली घेऊन पहिली दारकिमी पोचायची. चर्चमध्ये गाणं तीच उचलायची आणि मग ढोल तिच्या मागून जायचा. लग्न ह्रांगवेलाशी झालं. तो पिकअप गाडी चालवतो, दारूला शिवत नाही, बायकोवर कधी आवाज चढवत नाही. मुलगी मुआनी ऐजॉलला कापडाच्या दुकानात कामाला लागली. पत्र्याचं पक्कं छप्पर, दोन डुकरं, दारात मोहरीचा वाफा. काय कमी होतं हिला? हा प्रश्न मी पुढे इतक्या तोंडांतून ऐकला की मला त्याची शिसारी आली.

फुलोरा आला त्या हिवाळ्यात ती गाण्यात गप्प झाली. ओठ हलायचे, आवाज नाही. मी एकदा मागच्या दारानं तिच्या घरात गेले, तर ती दरीवर आलेल्या फळ्यांच्या सज्जात बसली होती. खाली खुराड्यात डुकरं ओरडत होती.

"काय बघतेस गं?"

"काही नाही, पी छिंगी. धुकं." वयानं मोठ्या बाईला आम्ही पी म्हणतो.

"धुक्यात काय बघायचं? ते रोजचंच आहे."

"हो ना. रोजचंच."

"डुकरं उपाशी आहेत तुझी."

"ऐकू येतंय मला," ती म्हणाली. "पण लांबून येतं. सगळंच लांबून येतं आता."

मी शेजारी बसले, आमच्याकडच्या बायका तोंडात धरतात त्या तंबाखूच्या पाण्याची बाटली काढली, एक घोट घेतला आणि थांबले. मी गप्प बसले की माणसं बोलतात, कारण ते फार वेळा घडत नाही.

"पहाटे जाग येते," ती म्हणाली. "छातीवर कुणीतरी पाटा ठेवलाय असं वाटतं. कारण काहीच नाही. कारण असतं तर किती बरं झालं असतं. ह्रांगवेला चांगला आहे, पोरगी चांगली आहे. ज्या गावानं आपल्या तोंडातला घास मला दिला, त्या गावात मी तोंड पाडून बसलेय. हे पाप आहे ना, पी छिंगी?"

"काविळीत डोळे पिवळे होतात, ते पाप असतं का? जिल्ह्याच्या इस्पितळात जा. दाखव कुणाला तरी."

"काय दाखवू? कुठं दुखतंय म्हणून सांगू?" ती हसली. मला बरं वाटावं म्हणून हसली, हे मला कळलं.

ती इस्पितळात गेली नाही. ती पी रोतलुआंगीकडे गेली.

रोतलुआंगी आमच्या बायकांच्या मंडळाची प्रमुख. तिला मी नावं ठेवीन, पण तिला वाईट बाई म्हणणाऱ्याचं थोबाड फोडीन. तिचा धाकटा मुलगा ट्रकसकट घाटात गेला, तेव्हा ती मोडली नाही. रोज सकाळी उठून तिनं मुलाच्या एकेका चांगल्या आठवणीचे आभार मानले आणि प्रत्येक आठवणीला एक मूठ डब्यात घातली. त्या मुठींनी तिला धरून ठेवलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आपल्याला लागू पडलेलं औषध माणूस दुसऱ्याला देतो. तिनं दारकिमीला सांगितलं, "मिळालेलं मोज, बाई. दुःख कृतघ्न मनात घर करतं. मन बुडालं की लगेच एक मूठ घाल आणि आभार मान. मी तेच केलं."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

त्यानंतर तो डबा जड होऊ लागला. एका शनिवारी तर उचलताना माझ्या खांद्यात चमक भरली.

"काय गं, तुझ्याकडचे उंदीर तांदूळ आणून टाकतात की काय? आमच्याकडच्यांना पाठव जरा शिकायला."

"पी रोतलुआंगीनं सांगितलंय. मन बुडालं की मूठ."

"आणि बुडतं किती वेळा?"

ती डब्याकडे बघत राहिली. "आता मूठ घालतानासुद्धा बुडतं," ती म्हणाली. "आधी घातली की जरा वर यायचं. आता येत नाही. म्हणजे माझे आभार खरे नसणार. म्हणून पुन्हा घालते."

"आणि तू काय खातेस?"

"खाते की."

तिनं कमरेचा पुआन घट्ट केला. ते नेसायचं वस्त्र आधी तिला एक वेढा घेऊन पुरायचं, आता त्याचं टोक पाठीमागून फिरून पुन्हा पुढे आलं होतं. चुलीवर भांडं होतं ते एका माणसाच्या भाताचं. नवरा घरी आला की त्याच्यापुढे ताट वाढायची आणि आपण आधीच जेवलो म्हणायची, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मला फक्त भांडं दिसलं.

रविवारी चर्चच्या वडीलधाऱ्यांनी व्यासपीठावरून तिचं नाव घेतलं. उंदीर शेत खातात, पण कृतज्ञ माणसाच्या घरचा डबा रिकामा होत नाही, असं ते म्हणाले. सगळं चर्च मागे वळून बघू लागलं. दारकिमी उभी राहिली, बाकाला धरून. "का लॉम ए," ती म्हणाली आणि बसली. बायकांनी डोळे पुसले. मला मात्र तिच्या मानेवरची हाडं दिसत होती आणि वर पत्र्यावरून उंदीर पळत होते. भर दुपारी. त्या दिवसांत ते माणसाला भीत नसत.

पुढच्या आठवड्यात ह्रांगवेला रस्त्यावर सरकारी तांदळाची पोती उतरवताना भेटला.

"बायको कशी आहे रे?"

"पुष्कळ बरी आहे, पी छिंगी. आता रडत नाही."

"रडत नाही म्हणजे बरी?"

"शांत झालीय. घर सगळं आवरलं तिनं. शेजारणीचा माग किती वर्षं आमच्याकडे पडून होता, तो परत दिला. ज्यांच्याशी कधी बोलाचाली झाली होती, त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आली. मला परवा म्हणाली, तू माझ्यासाठी फार केलंस." तो लाजला. "इतक्या वर्षांत असं कधी बोलली नव्हती."

माझ्या तोंडातलं तंबाखूचं पाणी घशात गेलं. ठसका लागला आणि डोळ्यांत पाणी आलं. तो बिचारा माझ्या पाठीवर थापट्या मारत राहिला.

"तिला इस्पितळात ने," मी म्हणाले. "आजच."

"आज खेप आहे. सोमवारी नेतो, नक्की. पण आता तर बरी आहे ना ती?"

मी तशीच चढ चढून रोतलुआंगीकडे गेले. ती सुपात तांदूळ पाखडत होती.

"त्या पोरीला मूठ घालायचं बंद करायला सांग," मी म्हणाले. "तुझं ऐकेल ती."

"उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आता देवाला द्यायचं पण बंद करायचं का, छिंगी? तुझ्याने होत नाही म्हणून?"

"ती स्वतःचं जेवण घालतेय त्या डब्यात. तिच्या गळ्याकडे बघितलंस कधी, की नुसतं डब्यातच बघतेस?"

"मला त्यानंच तारलं."

"तू मेलेल्या पोरासाठी रडत होतीस. तुझ्या दुःखाला नाव होतं, चेहरा होता. हिच्या बुडण्याला तळच नाही, आणि तू तिला सांगतेस की मुठी टाकत जा, भरेल कधीतरी. नाही भरत गं. आणि दर वेळी भरलं नाही की तिला वाटतं आपणच कृतघ्न."

रोतलुआंगीनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं ती मला हाकलणार. पण तिचा आवाज एकदम खाली आला.

"मग काय सांगू तिला? तिच्या हातात तेवढं एकच आहे, ते पण काढून घेऊ? मला दुसरं काही येत नाही, छिंगी. आभार मानायचं सोडून मला दुसरं काहीच येत नाही."

मी घरी आले आणि सोमवारची वाट बघायची असं स्वतःला बजावलं.

सोमवारच्या आधी शनिवार आला.

ह्रांगवेला अजून खेपेवरच होता. मी दारातून हाक मारली. ओ नाही. आत गेले. चूल झाडून साफ केलेली होती, राखेचा कणही नाही. चूल विझलेली चालते, राख काढलेली चूल म्हणजे आता इथं कुणी शिजवणार नाही. डबा दाराशी होता, काठोकाठ भरलेला. डब्याशेजारी मोठं भांडं, तेही तांदळानं भरलेलं. त्याशेजारी कपडे धुवायचा टब. त्याच्याशेजारी पाण्याची बादली. सगळ्यांत तांदूळ, वरून हात फिरवून सपाट केलेले. सरकारी तांदळाचं पोतं रिकामं होतं, त्याची घडी घालून वर दगड ठेवला होता. आणि ट्रंकेवर काळा-पांढरा जाड पुआन होता, जो बायका आपल्या शवपेटीवर घालायला म्हणून राखून ठेवतात.

मी टोपली खाली ठेवली. मला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं लहानपणी जेवढं खाल्लं, ते सगळं परत करून टाकलं होतं.

गावच्या दवंडीवाल्यानं कर्ण्यावरून हाकारा केला. तरणी पोरं उंदरांचे सापळे टाकून धावली, कुणी रस्त्याकडे, कुणी दरीकडे, नावानं हाका मारत. रोतलुआंगी अनवाणी आली. ती दारात थांबली, ओळीनं लावलेल्या त्या भांड्यांकडे बघितलं आणि जमिनीवर खाली बसली. मला तिला चार शब्द ऐकवता आले असते. तिच्या तोंडाकडे बघून मी ते गिळले.

"कुठं गेली असेल?" ती म्हणाली.

मी विचार केला. घेतलेलं परत करणारी बाई शेवटी जिच्यापासून घेतलं तिच्याकडेच जाणार.

झऱ्याच्या खाली, बांबूच्या रानात, मागच्या दुष्काळातल्या कबरी आहेत. तिथं आता कुणी जात नाही. मी उतरले, माझ्यामागे रोतलुआंगी. फुलून मेलेला बांबू उभ्या उभ्या वाळला होता, वारा आला की एकमेकांवर आपटायचा. पायाखाली बियांचा थर सरकत होता. उंदीर आमच्या पुढून जात होते, घाई न करता, जणू रान त्यांचंच आहे. मी हाक मारली नाही. मला भीती वाटत होती की ओ येणार नाही.

ती तिथं होती. आईच्या कबरीच्या दगडाला टेकून, गुडघे जवळ घेऊन बसलेली. डोळे उघडे होते आणि पापण्या हलत होत्या. मी त्या पापण्यांकडे किती वेळ बघितलं कोण जाणे.

"बसू का गं?"

"बस."

मी बसले.

"सगळं परत दिलं, पी छिंगी," ती म्हणाली. "आता माझ्याकडे कुणाचं काही नाही. मला वाटलं होतं, हलकं वाटेल."

"वाटलं?"

"नाही."

बांबू आपटत राहिला. काय बोलावं? प्रार्थना मला नीट येत नाही, आणि उपदेशानं तिची काय गत झाली ते मी वर बघून आले होते. मग मला जे ठाऊक होतं तेच मी सांगितलं.

"तुझी पेज माझी आई करायची. का करायची, सांगू?"

"देवासाठी. गावानं त्याग केला."

"कसला डोंबलाचा त्याग. तू रडायचीस. अशी भोकाड पसरायचीस की सगळ्या आळीला झोप नाही. पोटात अन्न नाही आणि वर तुझं रडणं. आई एका रात्री उठून बसली आणि म्हणाली, 'या कार्टीच्या तोंडात कुणीतरी काहीतरी घाला, नाहीतर मी वेडी होईन.' आणि तिनं देवाच्या डब्यात हात घातला. मी फडकं धरून उभी होते, म्हणून सांगते. देव आणि त्याग हे सगळं नंतर आलं, पोटं भरल्यावर."

"खोटं बोलतेस."

"माझ्या आईच्या कबरीची शपथ. ती तिकडं वरच आहे. तू पेज प्यालीस आणि गप्प झालीस. आम्ही झोपलो. तिथंच मिटलं सगळं. परत काय करतेस तू, आणि कुणाला? तुला भूक लागली म्हणून तू रडलीस. त्याच्यापेक्षा जास्त कुणी तुझ्याकडून मागितलं नव्हतं."

मग तिच्या घशातून काहीतरी घरघरलं आणि तिनं तोंड उघडून रडायला सुरुवात केली. शालीआड नाही, चर्चमध्ये रडतात तसं नाही. भोकाड पसरलं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचाच आवाज होता तो, मी कुठंही ओळखला असता. वरची पोरं तो ऐकून धावत खाली आली.

रोतलुआंगीनं अंगावरची शाल काढून तिच्याभोवती गुंडाळली. ती प्रार्थनासुद्धा म्हणाली नाही, आणि रोतलुआंगीसाठी ते सोपं नव्हतं.

सोमवारपर्यंत आम्ही आळीपाळीनं तिच्या घरात झोपलो. सोमवारी ह्रांगवेलानं तिला जिल्ह्याला नेलं. डॉक्टरीण तरुण होती, म्हणे. तिनं आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की वेळ लागेल. मुआनी ऐजॉलहून येऊन महिनाभर राहिली.

आधीच्या शनिवारी चर्चकडे गेलेल्या तिच्या तांदळाचं काय करायचं, यावर चर्चमध्ये कुजबुज झाली. देवाच्या डब्यात गेलेलं परत कसं घ्यायचं? रोतलुआंगीनं ते सगळं पोत्यात भरलं, पट्टा कपाळाला लावला आणि भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, चढ चढून दारकिमीच्या घरी नेऊन ठेवलं. वाटेत एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "देव जेवत नाही. ही जेवते." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण तिचा थोडा गेला.

म्हणून सगळं ठीक झालं असं मी सांगणार नाही. दारकिमी पुढे कित्येक महिने सज्जात बसून धुकं बघायची. मूठ घालू नकोस, असं मी तिला बजावलं होतं, तरी तिचा हात राहत नसे. शनिवारी तिच्या दारात पोचले की डबा उचलण्याआधी मी त्याला पायानं ढकलून बघायची. जड लागला की मी तांदूळ तिच्याच कणगीत ओतून यायची आणि तिच्या मानेकडे बघायची. कधी बरं वाटायचं, कधी नाही. उंदीर थंडी संपताना आपोआप नाहीसे झाले, कुठं गेले ते कुणी पाहिलं नाही. तिच्या आतलं ते गेलं की नुसतं दबा धरून बसलं, हेही कुणाला दिसत नव्हतं.

नव्या भाताच्या आधीच्या एका शनिवारी मी डब्याला पाय लावला, तर तो सरकत जाऊन भिंतीवर आपटला.

झाकण काढलं. रिकामा. एक दाणा नाही.

आमच्या गावात रिकाम्या डब्याचे दोनच अर्थ होतात, घरात तांदूळ नाहीत किंवा चूल पेटत नाही. घरात तांदूळ होते, ते मीच ओतले होते. मी हाक मारली. ओ नाही. चुलीकडे जायला मला चार पावलं होती आणि ती टाकायचा मला धीर होईना.

मग मला वास आला. खाली लागलेल्या भाताचा.

चुलीत राख होती. राखेवर मोठं भांडं होतं, घरच्या सगळ्यांचं. आणि मागच्या सज्जात दारकिमी बसली होती, मांडीवर ताट, बोटं भाताची, तोंड भरलेलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि घास गिळला.

"काय बघतेस अशी?" ती म्हणाली. "डबा रिकामा आहे. त्यातलेपण शिजवले. भूक लागली होती मला."

"सगळे?"

"सगळे."

ती हसली नाही, गायलीही नाही. दरीत धुकं होतं तसंच होतं.

"काही उरलंय का?" मी विचारलं.

"खरवड आहे."

तिनं भांडं उचलून आमच्या मध्ये ठेवलं आणि आम्ही दोघींनी ती करपलेली खरवड बोटांनी खरवडून खाल्ली. का लॉम ए असं दोघींपैकी कुणीही म्हणालं नाही.